मायच्या दातांचा रंग

लॉकडाउननंतर लातूरचे क्लास पुन्हा भरले, तेव्हा बरेच महिने सगळ्यांच्या तोंडाला मास्क होता. तनुजाचे ते दिवस फार सुखात गेले. ती केमिस्ट्री शिकवायची. मास्कच्या आड ती पोरांशी थट्टा करायची, मोकळी हसायची. मग मास्क गेले आणि क्लासवाल्यांनी तिचे धडे कॅमेऱ्यावर घ्यायचं ठरवलं. पहिला व्हिडिओ तिनं खोलीचं दार लावून बघितला. दुसऱ्या दिवशी तिनं गावाकडं फोन केला.

"माय, दातांच्या डॉक्टरकडं जायलेय. तू येतीस का सोबत?"

केवळाबाई निलंग्याची एसटी धरून लातूरला आली.

डॉक्टर आसिफ यांचा दवाखाना क्लासच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होता. खाली नीटच्या पुस्तकांची दुकानं, मेसचे डबे घेऊन चाललेली पोरं, भिंतीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. तनुजा खुर्चीत बसली आणि तोंडावरची ओढणी तिनं बाजूला केली. पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते, मधे मधे खडूसारखे ठिपके.

"लहानपणी कुठलं पाणी पीत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"हापशाचं. भूकंपानंतर नवं गाव वसलं ना, तिथं तेवढंच होतं."

"फ्लोराईड. हे घासून जायचं नाही. दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच डाग धरतो. मोठ्या माणसाच्या दाताला काही होत नाही. मावशींचे बघा की, कसे छान आहेत." मग ते सहज म्हणाले, "असल्या हापशांना तेव्हा लाल रंग देत होते, पिऊ नका म्हणून. तुमच्याकडं नव्हता का दिला?"

तनुजानं मान वळवली. "होता का गं माय?"

"न्हाई," केवळाबाई म्हणाली. "आमच्या हापशाला कसला रंग न्हवता."

डॉक्टरांनी पुढचं समजावून सांगितलं. पुढचे दात वरून थोडे घासायचे आणि त्यांवर पोर्सेलिनचे पातळ पापुद्रे चिकटवायचे. व्हेनिअर म्हणतात त्याला. एकदा दात घासले की परत पहिल्यासारखे होत नाहीत, तेव्हा विचार करून सांगा. तनुजा म्हणाली, विचार करूनच आलेय.

"रंग फार पांढरा नको, खोटा दिसतो. घरच्या माणसाच्या दाताशी जुळवला तर शोभेल. मावशी, जरा बसा बरं इथं."

केवळाबाईला खुर्चीत बसवलं. तोंडावर दिवा आला. डॉक्टरांनी छोट्या छोट्या दातांची एक पट्टी आणली आणि एकेक तुकडा तिच्या दाताशी लावून पाहिला.

"हा. अगदी हाच."

"म्हणजे माझे दात आता तुझ्यासारखे होणार, माय," तनुजा म्हणाली.

केवळाबाईचं तोंड उघडं होतं. तिला काही बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच झालं.

भूकंपात तिचा पहिला मुलगा गेला होता. हरिओम, चार वर्षांचा. जुन्या गावात त्यांचं घर आडाला लागून होतं. ती आणि तिचा नवरा दगडोबा अंगणात निजले होते म्हणून वाचले. पोरगं आत आजीजवळ होतं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले आणि मग जुन्या गावापासून कोसभर लांब नवं गाव वसलं. सारखी घरं, सरळ रस्ते आणि मधोमध हापसा. एकदा सरकारी ऑफिसातला माणूस येऊन पाण्याची बाटली भरून घेऊन गेला. काही दिवसांनी तो परत आला तो रंगाचा डबा घेऊनच. हापशाच्या दांड्याला आणि तोटीला त्यानं लाल रंग दिला. भांड्याकुंड्याला हे वापरा, म्हणाला, प्यायला जुन्या गावच्या आडाचं आणा.

बाया आडाला जाऊ लागल्या. केवळाबाईही गेली. आडाच्या कडेला त्यांच्या घराचा ढिगारा तसाच होता आणि दगडांमधून वाकळेचं एक टोक बाहेर आलेलं होतं. तिनं शिवलेली वाकळ होती ती. घागर भरून ती घरी आली आणि दिवसभर जेवली नाही. पुढच्या खेपेला तिनं वाटेतच घागर खाली ठेवली आणि माघारी फिरली. तेव्हा तनुजा पोटात होती.

एका दुपारी गाव रानात गेलेलं असताना तिनं विटेचा तुकडा, राख आणि काथ्या घेतला. लोखंड उघडं पडेपर्यंत तिनं तो रंग घासून काढला. संध्याकाळी बायांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तेच साहेब आले हुते. परत तपासलंय म्हणले. पाणी चांगलं हाय." आणि सगळ्यांसमोर ती ओंजळ भरून पाणी प्यायली.

खातूनबी तेव्हा नवी नवरी होती. नांदेडकडच्या इस्लापूरची. गावात शिलाईकाम करणाऱ्या खाजामियाँची बायको. तिनं घागर कमरेवर धरून सरळ विचारलं होतं, "अक्का, पिऊ का मग?"

"पी की," केवळाबाई म्हणाली होती.

साहेब लोक काहीही सांगतात, अशी तिनं पुढं मनाची समजूत घातली. मग तनुजाचे दुसरे दात आले. पाठोपाठ खातूनबीच्या इकराचे. मग घराघरातल्या पोरांचे. शाळेतले गुरुजी म्हणाले, पाण्याचा दोष दिसतोय. त्या दिवसापासून केवळाबाईनं स्वतःच्या मनाला काही सांगणं सोडून दिलं. पुढं गावात शुद्ध पाण्याचं मशीन आलं, त्यानंतरच्या लेकरांचे दात बरे निघाले. मधली पोरं तशीच राहिली.

तनुजाचे दात घासायच्या दिवशीही केवळाबाई दवाखान्यात होती. आतून मशीनचा बारीक आवाज येत होता. तनुजा बाहेर आली तेव्हा ओठ सुजलेले, बोबडं बोलत होती. तात्पुरती कवचं बसवली होती. पुढच्या खेपेला खरे व्हेनिअर बसले. तनुजानं आरसा हातात घेतला. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि हसली. ओढणीकडं हात गेला नाही. जिना उतरताना ती हसत होती, रिक्षावाल्याशी बोलताना हसत होती.

"माय, तू का गप गं?"

"काय न्हाई. लई छान दिसायलीस."

पुढच्या रविवारी तनुजा गावी आली. खातूनबी इकराला घेऊन बघायला आली. इकरा घरी ब्लाउज शिवायची. हात इतका साफ की निलंग्याहून बाया यायच्या. पण उदगीरची दोन स्थळं तिला बघून परत गेली होती आणि मग तिनंच सांगितलं होतं, आता कुणाला बोलवू नका. ती दाराशी, ओढणीआड ओठ मिटून उभी राहिली.

खातूनबीनं तनुजाची हनुवटी धरून तोंड वर केलं. "या अल्ला! हस बरं एकदा. अजून हस. चांदच की गं!" आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. "नशीब काढलंस पोरी. आमची इकरा बघ. माझ्यामुळं झालं हे सगळं."

"तुमच्यामुळं कसं, खाला?" तनुजानं विचारलं.

"पोटुशी हुते तवा माझी मिसरी सुटली न्हाई. सासू म्हणायची, तुझ्या मिसरीनं पोरीचे दात नासले. मरेस्तोवर म्हणली. तिचं खरंच हुतं. म्या हर नमाजला माफी मागून राहिले, अजून बी मागते."

केवळाबाई चुलीपाशी चहा गाळत होती. एवढी वर्षं शेजारी राहून हे तिला ठाऊक नव्हतं.

"खाला, मिसरीनं असं होत नाही," तनुजा म्हणाली. "पाण्यानं होतं. डॉक्टरांनी सांगितलं."

"तू शिकलेली हायस. मला बरं वाटावं म्हणून म्हणतीस. पाणी तर साहेबानं दुबार तपासलं हुतं. तुझ्या मायनंच मला सांगितलं हुतं."

"कोणत्या साहेबानं?" तनुजानं आईकडं पाहिलं. "माय?"

केवळाबाईनं पातेलं खाली ठेवलं. "तपासायला कुणी साहेब परत आलाच न्हवता," ती म्हणाली. "हापशाला लाल रंग हुता. म्या घासून काढला. मला आडाला जाववत न्हवतं."

मग तिनं सगळं सांगितलं. वाकळेचं टोक, विटेचा तुकडा, संध्याकाळची ओंजळ. सांगताना ती खातूनबीकडं बघत होती. पोरींकडं बघायची तिची हिंमत झाली नाही.

खातूनबी हळूहळू उठली. "म्या तुला इचारलं हुतं," ती म्हणाली. "नवी हुते गावात. तुला एकटीला इचारलं हुतं, अक्का."

"हाव."

"सासू माझ्या तोंडावर बोलायची तवा तू भिताडाच्या पल्याड हुतीस. ऐकू येत न्हवतं का तुला?"

"भांडण यायचं ऐकू. कशापायी ते ठाव न्हवतं गं."

"तू कवा इचारलंस?"

खातूनबी इकराचा हात धरून निघून गेली. चहा तसाच राहिला.

तनुजानं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "त्या वेळचं मी समजून घेईन एखाद्या दिवशी. हरीदादा गेला होता, तुझं चित्त ठिकाणावर नव्हतं. पण परवा दवाखान्यात मी तुला विचारलं. तेव्हा कामून खोटं बोललीस?"

"तू खुशीत हुतीस."

"माझ्या खुशीसाठी नाही बोललीस तू, माय."

दुपारच्याच गाडीनं ती लातूरला गेली.

रात्री भाकरी वाढताना केवळाबाईनं दगडोबाला सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला. "आता उकरून काय करतीस," एवढंच म्हणाला आणि पानावरून उठला.

तिनं मात्र उकरलं. ज्या घरांत त्या वयाची पोरं होती, त्या घरांत ती एकेक करून जाऊन आली. गुरुपादप्पाच्या ओट्यावर ती उभ्या उभ्याच बोलली. म्हातारा म्हणाला, "सोड की बाई. आम्हाला काय हात धरून पाजलंस? आम्हालाबी लांब जायचा कंटाळाच हुता." बहुतेक लोक असंच काहीबाही बोलले. सरजाबाईच्या सुनेनं तेवढं तोंडावर दार लावलं. केवळाबाईला त्या लावलेल्या दाराचंच बरं वाटलं. बाकीच्या घरांतून ती आणखी जड होऊन बाहेर पडली.

खातूनबी बोलायची बंद झाली. सकाळी सडा टाकताना दोघी समोरासमोर यायच्या, तेव्हा खातूनबी पाठ करायची.

तनुजाचा आईला फोन येत नव्हता, पण इकराला येत होता. एक दिवस इकरानंच भिंतीवरून सांगितलं, "काकू, गुरुवारी लातूरला चाललोय आम्ही. तनुजानं डॉक्टरला विचारलंय माझ्यासाठी."

गुरुवारी केवळाबाई धुतलेलं लुगडं नेसून थांब्यावर जाऊन उभी राहिली. खातूनबीनं तिला बघितलं.

"तू कशाला?"

"डॉक्टरला खरं सांगायचंय. त्यानं इचारलं तवा म्या न्हाई म्हणले हुते."

एसटीत मायलेकी पुढं बसल्या, केवळाबाई मागच्या बाकावर.

दवाखान्यात तिनं डॉक्टरांना ते उभ्यानंच सांगितलं. डॉक्टर आसिफ हातमोजे चढवत होते. त्यांनी ऐकून घेतलं. "मावशी, उपचारात त्यानं काही फरक पडत नाही," ते मऊपणानं म्हणाले. "पण सांगितलंत ते बरं केलंत." मग ते इकराकडं वळले. तिचे डाग तनुजाइतके खोल नव्हते. सगळ्या दातांना व्हेनिअर लागणार नाहीत, समोरच्या चारांना पुरे, बाकीचे साफ करून उजळतील, असं ते म्हणाले. रंग जुळवायला त्यांनी खातूनबीला बोलावलं.

"माझे मिसरीनं काळे हायत, डॉक्टरसाब."

डॉक्टर थबकले. इकरा खुर्चीतून म्हणाली, "काकूंच्या दाताचा रंग घ्या. तनुजाचा घेतला तोच."

केवळाबाईनं खातूनबीकडं पाहिलं. खातूनबी खिडकीबाहेर बघत होती. तिकडंच बघत तिनं मान हलवली, घ्या म्हणून. केवळाबाई दिव्याखाली गेली आणि तिनं तोंड उघडलं.

मग सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. आत मशीन सुरू झालं. बाकावर दोघींच्या मधे एक जागा रिकामी होती.

"माफ केलं असं मी म्हणणार न्हाई," खातूनबी समोर बघत म्हणाली.

"नको म्हणूस."

"तुझं पोरगं गेलं, त्याचं मला वाईट वाटतं. पण त्याचं अन् ह्याचं येगळं हाय."

"येगळंच हाय," केवळाबाई म्हणाली.

क्लासच्या सुट्टीत तनुजा जिना चढून आली. आईला तिथं बघून ती क्षणभर दारात थांबली. मग आली आणि दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत बसली. तिनं खातूनबीला विचारलं, किती वेळ झाला, इकरा घाबरली नाही ना. आतलं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"जेवलीस का?" तिनं मधेच विचारलं, आईकडं न बघता.

"न्हाई."

"इकराचं झालं की मेसवर जाऊ सगळे. खाला, तुम्हीपण."

तनुजाचा तास सुरू व्हायला अजून अवकाश होता. तिघी दाराकडं बघत बसून राहिल्या.