डाव्या खांद्यावरचा डाग

आमच्या ऑल्डरक्लफ रग्बी लीग क्लबला शंभर वर्षं झाली, तेव्हा कमिटीने जाहीर केलं की शताब्दीच्या शर्टाचं डिझाइन चाहत्यांनीच करावं. दोन डिझाइनं आली. एक माझं. दुसरं एका सहा वर्षांच्या मुलीचं, आणि त्यात घोडा होता. घोडा छापायला महाग पडत होता, म्हणून मी जिंकलो.

मी पाट्या बनवायच्या दुकानात कामाला आहे. 'इथे गाडी लावू नये', 'कुत्र्याने केलेलं मालकाने उचलावं', असं माझं साहित्य. सगळं गाव ते वाचतं आणि कोणीही मनावर घेत नाही. त्यामुळे टीकेची आपल्याला सवय आहे, असा माझा समज होता.

आमचा नेहमीचा शर्ट म्हणजे तपकिरी आणि दुधी आडवे पट्टे. शंभर वर्षांत त्यात फक्त मळ बदलला. माझ्या शर्टावर गडद निळ्या रंगात नारिंगी वेटोळी होती आणि मधेमधे मोरपंखी तुकडे, कापणाऱ्याला ऐन कापताना शिंक यावी तसे. आणि डाव्या खांद्यावर तळहाताएवढी फिकट, घासून गुळगुळीत झाल्यासारखी जागा.

क्लबने फेसबुकवर फोटो टाकला.

'हा शर्ट बघून मला गाडी लागली,' एकाने लिहिलं.

'आमच्या हिला दाखवला. ती माहेरी गेली. आभारी आहे.'

'शंभर वर्षं हरलो, ते समजू शकतो. पण त्याची ही शिक्षा?'

एकाने विचारलं, कॉलर कुठे गेली. त्यावर दुसरा म्हणाला, कॉलर हवी असेल त्याने बँकेत नोकरी करावी. दोन दिवस हे भांडण चाललं, शेवटी दोघांनी एकमेकांची आई काढली. मग कोणीतरी लक्षात आणून दिलं की ते सख्खे भाऊ आहेत.

सगळ्यात जास्त हशा मिळाला तो एका छोट्या वाक्याला: 'बसच्या सीटचं कापड वाटतंय.' मीसुद्धा त्यावर हसरा चेहरा टाकला. कारण ते खरंच बसच्या सीटचं कापड होतं, आणि हे त्या लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

बाहेरगावच्या सामन्यांना चाहत्यांची एक बस जायची. मी आणि बाबा डावीकडे चौथ्या रांगेत बसायचो, बाबा खिडकीशी. बाबा, म्हणजे ट्रेव्हर सग्डेन, माणूस म्हणून साधे होते, पण केसांच्या बाबतीत त्यांचे विचार पक्के होते. सामन्याला जाताना ते डोक्याला इतकं क्रीम चोपडायचे की वाऱ्याने आमच्या शेजारच्याची टोपी उडायची, बाबांचा केस हलायचा नाही. परतताना आधी त्यांचं डोकं सीटवर टेकायचं. पुढच्या वळणावर ते घसरून माझ्या डाव्या खांद्यावर यायचं. मग डोंगर ओलांडून गाव येईपर्यंत मी हलायचो नाही. बस चौकात थांबली की ड्रायव्हर ओरडायचा, "उठा, हरलेल्यांनो, गाव आलं!" जिंकलो असलो तरी हेच ओरडायचा. पण तसा प्रसंग फारसा येत नसे.

आई माझ्या लहानपणीच स्पेनला गेली, उन्हासाठी. ऊन तिला मानवलं. बाबा दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. त्यानंतर बस कंपनीही बंद पडली. बस मोडीत काढणार म्हणून कळलं तेव्हा मी जाऊन आमच्या सीटचा फोटो काढला. डोकं टेकायच्या जागी कापडाला टक्कल पडलं होतं. त्या फोटोत बाबा नाहीत, पण मला तरी ते त्यातच दिसतात. डिझाइन करताना ती जागा मी जिथे असायला हवी तिथे ठेवली, डाव्या खांद्यावर. निदान एक हंगामभर काहीशे माणसं बाबांचं डोकं खांद्यावर घेऊन हिंडतील, असा माझा हिशेब होता.

क्लबच्या दुकानातल्या मॉरीनबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला थांबवलं.

"ओवेन, बाळा, लोक शर्ट परत आणतायत. खांद्यावर डाग आहे म्हणे."

"तो डाग नाही."

"मग काय आहे?"

"इतके लोक खांद्याकडे बघतात कशाला?" मी म्हणालो आणि विषय बदलून मोज्यांची चौकशी केली. घरी आठ जोड आहेत मोज्यांचे. कुणी अवघड काही विचारलं की मी असेच घेत असतो.

कमिटीने सभा बोलावली. विषय: छपाईतला दोष. अध्यक्ष हेपवर्थ यांचा सॉसेजचा धंदा आहे, त्यामुळे माल परत घेण्याचा त्यांना अनुभव होता. क्लबच्या बारमध्ये माणसं ग्लास घेऊन दाटीवाटीने बसली होती. हेपवर्थसाहेब म्हणाले, "कारखानेवाले सांगतात, फाइलच तशी आली होती. ओवेन, फाइलमध्ये डाग होता का?"

"होता."

"चुकून?"

"नाही."

"मग काय होतं ते?"

एवढ्या माणसांसमोर ते कसं सांगायचं, याचा मी आदल्या दिवशी आरशासमोर सराव केला होता. आरशाला पटलं होतं. पण इथे पहिल्या रांगेत तो बायको माहेरी गेलेला बसला होता, बायकोसकट.

"सावली आहे," मी म्हणालो.

"कशाची?"

"अशीच. सर्वसाधारण सावली."

हशा झाला. "पोरानं सांडलंय काहीतरी!" कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "सांडलं-बिंडलं काही नाही. चौथी रांग आहे ती. डावीकडची खिडकी."

नॉर्मन शटलवर्थ उभा होता, बसचा जुना ड्रायव्हर. निवृत्त झाल्यापासून तो कुणाला फारसा दिसला नव्हता. तसाही आम्ही त्याला मागूनच ओळखायचो.

"हे माझ्या बसचं कापड आहे," तो म्हणाला. "बावीस वर्षं आरशात हेच बघितलं मी. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. आणि परवा मैदानावर आलो, तर तेरा आडदांड माणसं तेच घालून माझ्या दिशेने पळत येतायत. हातातला चहा सांडला माझ्या."

"आणि डाग?" हेपवर्थसाहेबांनी विचारलं.

"कुणीतरी डोक्याला लोणी फासून यायचा. दर सोमवारी घासायचो मी. सोडा झाला, व्हिनेगर झालं, बायकोचा महागातला शांपू झाला. शेवटी कापडच गेलं, डाग राहिला."

"कोण होता तो?"

"काय माहीत. डोकं होतं एक."

"माझे बाबा," मी म्हणालो.

आमच्याकडे सहानुभूती वाटली की माणसं बुटांकडे बघतात. बराच वेळ सगळ्यांनी बूट बघितले. नव्या बुटांचे दोघे होते, त्यांच्याही बुटांकडे बघून झालं. मग हेपवर्थसाहेब खाकरले. "ट्रेव्हर चांगला माणूस होता. आता मतदान घेऊ या. पुढच्या शर्टांवर डाग नको, असं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात अगदी हळू, अदबीने वर गेले. अपवाद एकच. नॉर्मनचा हात सगळ्यांच्या आधी वर होता.

"नॉर्मन, तूसुद्धा?" कोणीतरी म्हणालं.

"वर्षानुवर्षं घासलाय मी तो! आज फुकटात जातोय, तर सोडू?"

डाग राहू दे म्हणणाऱ्यांत मी एकटा होतो. माझा हात मोजायची वेळ आली तेव्हा हेपवर्थसाहेब मोजायला दोनदा विसरले, मला अवघड वाटू नये म्हणून. बाहेर पडताना एकाने पाठीवर थाप मारली. "वाईट वाटून घेऊ नको, पोरा. पण डाग तो डागच." घरी आलो. केटल भरली. ती मी अजून दोघांपुरती भरतो, कारण कमी भरली की आवाज वेगळा येतो.

नवे शर्ट आले, स्वच्छ. लोकांनी रांगा लावून बदलून घेतले. परत आलेल्यांच्या पेट्या दुकानामागे पडून होत्या. मी माझा बदलला नाही.

पुढच्या रविवारी घरच्या मैदानावर सामना होता. चारी बाजूंनी निळा-नारिंगी गोंधळ, आणि एकाही खांद्यावर कोणी नाही. मी एवढ्या थंडीत जाकीट उघडं टाकून बसलो होतो. सामना सुरू झाल्यावर नॉर्मन आला आणि मधली एक खुर्ची सोडून माझ्या डावीकडे बसला. थर्मास काढायला त्याने कोटाची बटणं सोडली. आत शर्ट होता. डागाचा.

"बदलला नाहीत?" मी विचारलं.

"रांग होती."

मॉरीनबाई सांगत होत्या की शनिवारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. आमच्या संघाने चेंडू पाडला. आम्ही दोघांनी एकदमच "अरे, अरे, अरे" केलं.

"बाबा अजिबात आठवत नाहीत तुम्हाला?"

"नाही रे." त्याने झाकणात चहा ओतला. "परतताना सगळे झोपायचे. वर डोंगरात मिट्ट काळोख, मागे बसभर माणसं घोरतायत, आणि जागा मी एकटा. रेडिओ लावला की कोणीतरी खेकसायचं. बावीस वर्षं. एक शब्द बोलायला माणूस नाही."

"मी जागा असायचो."

"तू?"

"खांद्यावर बाबा असायचे. हललो असतो तर उठले असते."

"मग बोलायचंस की, गाढवा!"

"तुमच्या डोक्यावर पाटी होती. 'ड्रायव्हरशी बोलू नये.'"

नॉर्मनने यावर बराच विचार केला. तेवढ्यात समोरच्यांनी दोन वेळा गुण घेतले.

"ती पाटी तुमच्याच दुकानातून आणली होती," तो म्हणाला.

त्याने झाकण माझ्यापुढे धरलं. चहा कोमट होता आणि त्यात साखर फार होती. आम्ही हरलो. शिट्टी झाली, माणसं शिव्या देत उठली, खुर्च्या खाडखाड मिटल्या. नॉर्मनने थर्मास बंद केला, बटणं लावली आणि कुणाकडेही न बघता, सवयीने, हळूच म्हणाला, "उठा, हरलेल्यांनो. गाव आलं."

मी लगेच उठलो नाही. डावा खांदा एकदम हलवायचा नसतो.