मंजूर म्हणजे कौल नव्हे

दोन हजार आठ साल. भुकूमला नथू ढमाल्यांच्या चांदीच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर हार घातलेला कॉम्प्युटर आणि समोर डोळे मिटलेले नरहरीबुवा. पडद्यावर 'पैसे मंजूर' अशी अक्षरं उमटली की बुवा गरजत, "देवानं कौल दिला!" आणि गर्दी हात जोडी.

जमीन विकून नथूंनी दुकान घातलं, वेबसाइटही काढली. तीन महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. बुवांनी कॉम्प्युटरला अंगारा लावला आणि नऊ दिवसांत चाळीस ऑर्डरी आल्या. केरळातून, थेट अमेरिकेतून!

नथूंची सून सुलक्षणा मात्र धास्तावली होती. पार्सलं तीच बांधायची. पैसे भरणाऱ्या क्रेडिट कार्डांवरची नावं चाळीस, पण सगळा माल हिंजवडीच्या एकाच इमारतीत, फोन नंबरही एकच. अमेरिकेतल्या माणसाला हिंजवडीत समया कशाला हव्यात? अकरा पार्सलं गेली होती, बाकीची आज निघायची होती.

तिनं बँकेत विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "मंजूर म्हणजे कार्ड चालू आहे आणि त्यावर तेवढी रक्कम मिळते, एवढंच. ते कोण वापरतंय, आम्हाला कसं दिसणार? खऱ्या मालकानं तक्रार केली, की पैसे तुमच्या खात्यातून परत जातील."

सुलक्षणा गर्दीत घुसली. "मामंजी, पार्सलं थांबवा."

"सूनबाई, इपरीत बोलू नगंस. द्येवानं कौल दिलाय!"

"मग देवाच्या गिऱ्हाइकाला फोन लावते."

चोर नाव खोटं सांगेल. पण कुरिअरवाला ज्यावर फोन करणार, तो नंबर खराच द्यावा लागतो. तिनं तो फिरवला. बुवांचा पट्टशिष्य भिकू याच्या झोळीत आरती वाजू लागली.

"उचला की!" सुलक्षणा म्हणाली.

बुवांची समाधी फटकन उतरली. झोळीतून वही निघाली, पानोपानी चोरलेल्या कार्डांचे नंबर. ऑर्डरी भिकूच्या, अंगारा बुवांचा, चांदी दोघांची.

पोलीस त्यांना घेऊन गेले. नथूंनी कॉम्प्युटरवरचा हार काढला. "अकरा समया ग्येल्या, आता पैसंबी जाणार. मला वाटलं, मशीन खोटं बोलत न्हाई."

"ते खोटं बोललंच नाही, मामंजी. ते म्हणालं, कार्ड चालू आहे. माणूस खरा आहे असं आपणच ऐकलं."

बाहेर शेजारच्या सारजाबाई पुटपुटल्या, "पर अंगाऱ्यात कायतरी असंल की!"

सुलक्षणाला रडू फुटलं. तर बायांनो, बाप्यांनो, हात जोडायला क्षण पुरतो. विचारायला थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा काढा.