देवसिंगच्या पाठीमागची फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. खरे सांगायचे तर आता फळीही उरले नाही, फळीचा एक तुकडा आहे. आमच्या गावच्या हॉकी मंडळाच्या खोलीत, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असते. माझ्या आजूबाजूला हॉकीच्या पाच काठ्या टांगल्या आहेत. त्यांना तेल-पाणी झालेले, मुठींना रंगीत दोरा गुंडाळलेला. तुम्ही आत आलात तर आधी त्यांच्याकडेच बघाल आणि मग म्हणाल, या मानाच्या भिंतीवर हे ओबडधोबड लाकूड कशाला?

तुमचे म्हणणे रास्त आहे. मीही पहिले काही दिवस स्वतःला तेच विचारत होते.

माझा जन्म झरी जामणीच्या जंगलातला. मला तोडले, बैलगाडीवर घातले आणि बाभुळगावच्या अलीकडे, आमच्या गावात रामधन सुताराच्या अंगणात आणून टाकले. कापसाच्या जिनवाल्या शेटजींच्या घराचे दार माझे होणार होते. पण माझ्या पोटात एक मोठी गाठ निघाली, आणि गाठीच्या मधोमध एक खळगा. शेटजी म्हणाले, गाठीचे लाकूड दाराला नको, घरात कटकटी होतात. झाले! मी वर्षभर सुताराच्या कुडाला टेकून पावसात भिजले, उन्हात वाळले.

मग छप्पन साल सरता सरता रेडिओवर बातमी आली, आपल्या संघाने मेलबर्नला हॉकीत सोने जिंकले. गावात पोरांच्या अंगात वारेच शिरले. बाभळीच्या वाकड्या फांद्या तोडून काठ्या झाल्या, खळवाडीमागचे पडीक रान साफ झाले, मंडळ निघाले. दोन्हीकडे गोलाचे खांब रोवले. जाळी मात्र आणायची कुठून? रामधनने तोड काढली. त्याने खांबांना मागून अगदी लागून, जमिनीवर आडव्या फळ्या ठोकल्या. मी त्यातलीच एक, उगवतीकडच्या गोलातली.

जाळी नसल्यामुळे आमच्या मैदानाचा एक कायदा झाला. धुळीत चेंडू कुठे गेला ते दिसत नसे, म्हणून सगळे कान देत. फळी वाजली की गोल. "फळी बोलली!" असे कोणी ओरडले की वाद मिटला. पंच पुंडलिकराव, मंडळाचे प्रमुखही तेच, मोठ्या अभिमानाने सांगत, "मानूस खोटं बोलन, फळी नाई बोलत."

मला किती बरे वाटायचे ते ऐकून! लाकडाला एवढा मान कुठे मिळतो?

आमच्या गोलात उभा राहायचा देवसिंग. जवळच्या तांड्यावरचा, कापूस-ज्वारीची शेती करणारा उंच, सडपातळ गडी. जगाने त्याचे तोंड पाहिले, मी त्याची पाठ पाहिली. खेळ सुरू होण्याआधी तो मागे हात करून मला एकदा चाचपायचा, घरात शिरताना उंबऱ्याला हात लावावा तसा. चेंडू त्याला चुकवून माझ्यावर आदळला तर वळून म्हणायचा, "लागलं का वं तुले?" आणि हसायचा. गोल झाल्यावर त्याला हसताना पाहून बाकीचे खेळाडू चिडत. तो त्यांना सांगे, "झालेला गोल डोक्यात ठेवला तं पुढचा डोयाले दिसत नाई." त्याच्या पुढच्या गड्याने चूक केली तरी त्याने कधी कोणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही.

एकदा कोणीतरी विचारले, तुला हे राखणीचे काम आवडते तरी कसे? गोल करायला जा ना पुढे. तेव्हा तो म्हणाला, "आमचे आजे-पणजे बैलाईवर दुसऱ्याचं मीठ लादून मुलूख फिरले. वाटेत एक गोणी गेली तं नाव गेलं. हा गोलबी तसाच हाय. गावाची गोणी."

मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. मी लाकूड. मला कोणी मारले तरच मी बोलू शकते. म्हणजे देवसिंग हरला की माझा आवाज निघणार, आणि तो जितका चांगला खेळेल तितकी मी मुकी राहणार. पुढेपुढे असे झाले की अख्खा हिवाळा जाई आणि मी तोंड उघडत नसे. माझ्या अंगावर कोळी जाळे विणू लागले. मला त्या मुकेपणाचाच गर्व झाला.

पण मुकेपणाला टाळ्या कोण वाजवणार? मंडळाच्या खोलीत मानाची भिंत होती. दसऱ्याला काठ्यांची पूजा व्हायची, आणि मंडळाला जो खेळाडू थोर वाटेल त्याची काठी झेंडूची माळ घालून भिंतीवर चढायची. पाच काठ्या चढल्या, पाचही पुढे खेळणाऱ्यांच्या. एका दसऱ्याला देवसिंगने विचारलेच. मी ते ऐकले, कारण सगळे मैदानात माझ्यावरच बसून सोने वाटत होते.

"पुंडलिकभाऊ, गोलकीपरची काठी काहून नाई लागत भिंतीवर?"

पुंडलिकराव मिशीत हसले. "तू गोल किती केले, सांग बरं?"

"एकबी नाई."

"मंग? केलेला गोल समद्याईले दिसते. अडवलेला गोल कोनाले दिसते बाप्पा?"

"फळीले दिसते, भाऊ."

सगळे खो खो हसले. देवसिंगही हसला, पण त्याची पाठ हसली नाही. मला पाठ वाचता येत होती. शेवटी पुंडलिकराव म्हणाले, "बरं, औंदा ढालीचा सामना आपल्याच मैदानावर हाय. पुसदवाल्याईले अडव, पुढच्या दसऱ्याले तुही काठी मी सोता चढवतो."

देवसिंगची बायको मानीबाई, त्याच्या नलूची आई. तिने ही गोष्ट मनावर घेतली. चेंडू कधीकधी डोक्याएवढा उडतो हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने आपल्या जुन्या घागऱ्याचे कापड घेऊन, आत कापूस भरून, नवऱ्याच्या डोक्याला बांधायला एक जाड पट्टी शिवली. नजर लागू नये म्हणून पट्टीच्या मागच्या बाजूला एक कवडी टाचली. सामन्याच्या दिवशी तो ती बांधून आला तेव्हा लोकांनी एकच गलका केला. "अबे, नवरदेव आला रे! मंडप कुठी हाय?"

"नवरीनं शिवली हाय," देवसिंग म्हणाला. "काढली तं भाकर भेटत नाई घरी."

ते त्याचे लोकांशी बोललेले शेवटचे शब्द.

बासष्टच्या माघातली ती दुपार होती. पुसदचा संघ तगडा होता. चेंडूमागून चेंडू आले आणि देवसिंगने कधी काठीने, कधी पॅडने, कधी उघड्या हाताने ते अडवले. मी गप्प होते. दोन्हीकडे एकही गोल नाही, उन्हे कलली, धुळीचा नुसता लोट उठलेला. पुंडलिकराव शिटी तोंडात धरून घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात पुसदच्या गड्याने जवळून जोराचा फटका मारला. चेंडू उडाला आणि देवसिंगच्या कपाळावर बसला. कपाळावरून तो खाली पडला आणि देवसिंगच्या पॅडखाली दबला, रेषेच्या अलीकडे. देवसिंग मागे कोसळला. त्याचे डोके माझ्यावर आदळले.

मी वाजले.

"फळी बोलली! गोल! गोल!"

शिटी झाली. आणि मग मित्रांनो, जे झाले ते आठवले की आजही माझ्या रेषा आवळतात. सगळे चेंडूकडे धावले. गोल झाला की नाही यावर हमरीतुमरी सुरू झाली. कोणी देवसिंगचा पाय ओढून बाजूला केला, कोणाच्या लाथेने चेंडू घरंगळला, आता तो कुठे होता हे कोण सांगणार? पुंडलिकराव हात वर करून ओरडत होते, "कायदा म्हंजे कायदा! फळी बोलली! आपला संघ हाय म्हनून मी खोटं करू का?" आणि त्या सगळ्या गोंगाटात देवसिंग मला टेकून पडला होता. त्याचे डोळे उघडे होते. त्याने हात मागे करून मला चाचपले आणि अगदी हळू विचारले, "थांबला ना?"

थांबला होता. मी पाहिले होते. पण मला मारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि त्याच्या हातात आता तेवढेही बळ नव्हते.

भांडण थकल्यावर कोणाचे तरी त्याच्याकडे लक्ष गेले. छकड्यात घालून यवतमाळच्या वाटेला लावले, पण दवाखाना येण्याआधीच तो गेला. त्याची काठी त्याच्याबरोबर सरणावर ठेवली. ढाल पुसदला गेली. गावोगाव पुंडलिकरावांचे नाव झाले, की पंच असावा तर असा, स्वतःच्या संघाविरुद्धही खरे बोलणारा. आणि देवसिंगविषयी लोक म्हणत, गडी चांगला होता बिचारा, पण ऐन वेळी गोल सोडला.

त्यानंतर त्या गोलात उभे राहायला कोणी धजेना. चैताचे ऊन तापले. ऊन खाल्लेले सागवान आपोआप तडकते, हे तुम्हाला ठाऊक असेल. भर दुपारी, मैदानात चिटपाखरू नसताना, माझ्या अंगातून 'टक्' असा आवाज येई. गुरे चारणारे दचकत आणि म्हणत, "देवसिंग अजून चेंडू अडवून राह्यला." ते लांबून जाऊ लागले. लाकूड तडकत होते हे खरेच. पण दर वेळी मला वाटायचे, आता माझ्या अंगावर तो हात पडेल. मी वाट पाहायचे. हात पडत नसे. माणूस गेलेल्या घराला भूत लागते म्हणतात. मला तर त्याच्या एका प्रश्नानेच झपाटले होते.

मग एका बाजाराच्या दिवशी मानीबाई आली. डोक्यावरची टोपली तिने खाली ठेवली. हातात ती पट्टी होती, रक्ताने काळी पडलेली. तिच्यावरची कवडी गेलेली होती, टाक्याचा दोरा तेवढा लोंबत होता. ती गोलात बसली आणि देवसिंगचे डोके जिथे टेकले होते तिथे बोटे फिरवू लागली. फिरता फिरता बोटे माझ्या गाठीच्या खळग्यात अडली. तिथे कवडी रुतून बसली होती. बाईने पट्टीवरचा लोंबता दोरा कवडीशी जुळवून पाहिला. मग उठली, आणि टोपली तिथेच टाकून पुंडलिकरावांना घेऊन आली.

"भाऊ, हे पाहा. फळी बोलली, बरोबर हाय तुमचं. पण चेंडूनं नाई बोलली. नलूच्या बापाच्या डोक्यानं बोलली."

पुंडलिकराव वाकले. त्यांनी कवडीला हात लावला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला.

"मानीबाई, आता ढाल काई वापस येत नाई."

"ढाल कोन मागून राह्यलं? त्यानं गोल सोडला नाई, एवढंच तुमच्या तोंडानं सांगा. चार लोकाईत."

पुंडलिकराव तसेच वळून घरी गेले. त्यांचे सगळे नाव त्या एका निकालावर उभे होते. पुढे कित्येकदा ते दिवेलागणीला एकटे यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे आणि परत जायचे. ते वाळत चालले होते. मला त्यांचाही राग येईना.

दसरा आला. काठ्यांची पूजा झाली. सहावी माळ ताटात तशीच होती. पुंडलिकराव उभे राहिले आणि शब्द फुटायच्या आधी त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. "गोल नोहता," ते म्हणाले. "तो पडला तवा मी चेंडू पाह्यत होतो. मानूस पाह्यलाच नाई." एवढेच बोलून ते मटकन खाली बसले. काही जण कुजबुजले, की म्हातारा बाईच्या रडण्याला भुलला. मानीबाई मात्र त्या दिवशी रडली नाही.

भिंतीवर चढवायला काठी उरली नव्हती. म्हणून रामधनने करवत आणली आणि माझा गाठीचा भाग कापून काढला. ज्या गाठीपायी शेटजींनी मला नाकारले होते, तिच्यावरच झेंडूची माळ पडली. कवडी अजून माझ्या पोटात आहे. जवळ येऊन बघा, दिसेल.

आता साठीचे दशक सरत आले. मैदानात कापसाची पऱ्हाटी उभी आहे, खोली वर्षातून एकदा उघडते. माझ्या पाठीला वाळवी लागू लागली आहे. दर दसऱ्याला मानीबाई येते, पदराने माझी धूळ पुसते, गोडेतेलाचा हात फिरवते आणि जाते.

मित्रांनो, थोर गोलकीपर कोण, असे तुम्ही मला विचाराल तर मी सांगेन, ज्याच्या मागची फळी मुकी राहते तो. पण माझे मागणे त्याहून साधे आहे. खेळात असो की घरात, कुठे धप्पकन आवाज झाला तर आधी माणसाकडे धावा. चेंडू नंतर शोधता येतो.

आणि कधी या खोलीत आलात तर माझ्यावर बोटाने एकदा टकटक करा. मारल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि एका माणसाला माझे एक उत्तर द्यायचे राहिले आहे. थांबला होता, देवसिंग. थांबला होता.