फाटकावरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं मेमरी कार्ड आहे, तुमच्या नखाएवढं. माझं सारं आयुष्य अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कंपनीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात गेलं. येणारी-जाणारी माणसं साठवायची, एवढंच माझं काम. मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "आमचा कॅमेरा काही विसरत नाही."

ॲसिडच्या टाकीत मास्कशिवाय माणसं उतरवतात, अशी तक्रार प्रमोद नावाच्या कामगाराने केली होती. एका दुपारी तो फाटकाबाहेर पडताच ठेकेदार दौलतराव लोखंडी सळई घेऊन मागून धावला. पहिला घाव गुडघ्यावर बसला. प्रमोद कोसळला. मग पाठीवर, हातांवर, तोंडावर घाव पडतच राहिले.

"कर ना आता तक्रार! कर!"

प्रमोदने डोळा दाबून धरला. बोटांमधून रक्त वाहत होतं. मी सगळं टिपलं. तेवढ्यात दौलतरावाचं लक्ष वर गेलं आणि तीच सळई कॅमेऱ्यावर बसली. मी वाचले, पण मला बेताची वीज पुरवणारा रेग्युलेटर दुखावला.

"जिन्यावरून पडला तो," दौलतरावाने पोलिसांना सांगितलं.

माझ्यातलं चित्रण फक्त त्याच कॅमेऱ्यात उघडत असे. पोलिसांनी कॅमेरा चौकीत नेला, पण तो चालू केला की रेग्युलेटर कळवायचा, वीज नीट देता येत नाही. पण मला चालवणारा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ती चूक कानाआड करून पुढे रेटायचा. वीज कधी तुटायची, कधी भसकन यायची. मी भाजून निघत होते. चित्रं फाटत होती.

शेवटी कॅमेऱ्याच्या कंपनीने बदलापूरहून यशोधरा नावाच्या इंजिनिअरला पाठवलं. प्रमोदची आई चांगुणाबाई चौकीतच बसून होती.

"पोरी, निघेल ना काही?"

"मावशी, आणखी एकदा असंच चालू केलं तर काहीच उरणार नाही."

तिने ड्रायव्हर दुरुस्त केला. रेग्युलेटरकडून चूक आली की तिथेच थांबायचं, वीज तोडायची, दम खाऊन पुन्हा विचारायचं. होकार आला तरच कार्डाला हात लावायचा.

पहिल्यांदा नकार आला. पुन्हा नकार. "गेलं वाटतं," हवालदार पुटपुटला. यशोधरा हलली नाही. मग होकार आला, स्थिर वीज मिळाली आणि मी उघडले.

"मावशी, तुम्ही बाहेर बसा."

"नाही. त्यानं सोसलं, मी बघणार."

तोंडात पदराचा बोळा कोंबून तिने एकूण एक घाव पाहिला. सळई उगारलेला चेहरा वर वळला, तेव्हा तिने पडद्यावर बोट टेकवलं. "ह्योच." त्याच संध्याकाळी दौलतरावाला बेड्या पडल्या. प्रमोद जगला, एक डोळा मात्र गेला.

आता मी कोर्टाच्या सीलबंद पाकिटात पडून आहे. मित्रांनो, एक विनंती ऐका. कार्ड तापलं, अडखळलं, तर चिडून पुन्हापुन्हा चालू करू नका. आधी वीज बंद करा, जाणत्या माणसाला दाखवा. आमच्यापाशी काय जपून ठेवलेलं असतं, हे त्या दिवशी चांगुणाबाईला विचारायला हवं होतं.