अर्धा राहिलेला लपंडाव

झेल्मानं बापाला, मोर्दोला, घरातूनच ताकीद दिली होती. गेल्या वर्षी शाळेच्या पटांगणातली भाषणं ऐकून तिची रेनी आठवडाभर दिवा चालू ठेवून झोपली. यंदाही पोर भेदरली, तर पुढच्या वर्षी दहा मार्चच्या स्मरणदिनाला मोर्दोनं एकट्यानं जायचं. मोर्दोनं मान डोलावली खरी. नातवंडांना हे पटांगण आपलं वाटावं, एवढीच त्याची आस उरली होती.

म्हणून बल्गेरियातल्या प्लोवदिवच्या त्या जुन्या ज्यू शाळेत पोचताच त्यानं रेनीला आणि धाकट्या आल्बेरला कडेच्या भिंतीपाशी नेलं. पटांगणात भाषणांसाठी कर्णे बसवणं चाललं होतं. आल्बेर मनगटावरचा, मार्चमध्ये शुभ म्हणून बांधतात तो लाल-पांढरा दोरा चघळत होता. रेनी भिंतीकडे बघत होती.

"इथंच कोंडलं होतं ना तुम्हाला?"

"इथंच. महायुद्धातली गोष्ट. पहाटे पोलीस आले आणि आम्हा सगळ्या ज्यूंना उठवून इथं आणलं."

"मग तुम्ही रडलात?"

शहाण्या आजोबाला शोभेलसं उत्तर मोर्दोच्या जिभेवर आलं होतं. पण पोरीच्या डोळ्यांपुढे त्याला खोटं बोलवेना.

"माझी आई रडत होती," तो म्हणाला. "आम्ही लपंडाव खेळलो. सगळी भावंडं एका जागी, शाळेत असून अभ्यास नाही. राज्य माझ्यावर होतं. सगळे सापडले, एक बुको तेवढा सापडेना."

तेवढ्यात फाटक उघडलं होतं. गावानं बाहेर गलका केला होता, बिशप स्वतः कुंपण चढून आत आले होते. ज्यूंना नाझींच्या हवाली करण्याचा हुकूम अखेर फिरला होता. लोक हसत-रडत घराकडे सुटले. मोर्दोला आईनं कानाला धरून नेलं आणि खेळ तसाच राहिला.

"म्हणजे बुको अजून लपलाय?" आल्बेरनं विचारलं.

बुको काठी टेकत त्यांच्याकडेच येत होता. विषय कळताच म्हातारा फुलला. साठ वर्षं हा वाद दोघं चवीनं घोळवत आले होते. आपण जिंकलो, असं बुकोचं म्हणणं. एस्तेरमावशीच्या घागऱ्याआड लपणं नियमात बसत नाही, असं मोर्दोचं.

"घागऱ्याचा नियम तू दुसऱ्या दिवशी काढलास, लबाडा," बुको म्हणाला.

रेनीनं निकाल दिला. ज्याला शोधता आलं नाही, राज्य त्याच्यावरच. मग तिनं विचारलं, "सगळेच घरी गेले?"

मोर्दोनं बुकोकडे रोखून पाहिलं. पण बुकोला आडवळणानं बोलता येत नसे. "इथले सगळे गेले. ग्रीसकडच्या थ्रेसमधल्या ज्यूंना त्याच महिन्यात आगगाडीत कोंबून नेलं. ते मारले गेले, बाळ. मुलंसुद्धा."

रेनीनं भिंतीवरून बोट फिरवलं.

"तीपण खेळत होती?"

"खेळतच असणार," मोर्दो म्हणाला. "पोरंच ना ती."

रेनीनं त्याचा हात धरला आणि त्याला भिंतीकडे वळवलं. "मोजा. बुको आजोबा, चला, पळा."

मोर्दोनं कपाळ भिंतीला टेकलं. मागे आल्बेर खिदळला, बुकोची काठी टकटक करत पळाली, कोणी बाई "अहो, इथं कसले खेळ?" म्हणून पुटपुटली. रेनी मोठ्यानं हसली. दोन वर्षांत या जागी पोरीचं हसू त्यानं ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि आकडे चुकले.

मग झेल्माची पावलं त्यानं ओळखली. झालं, पुढच्या वर्षीपासून आपण एकटेच, असं मनाशी म्हणून तो बोलणी खायला तयार झाला.

"बाबा," झेल्मा त्याच्या कानाशी म्हणाली, "पापण्यांच्या फटीतून बघताय तुम्ही. आणि पुढच्या वर्षी अर्धा तास आधी निघू. एवढ्या वेळात कोण सापडतं?"

मोर्दोनं डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.