मोहरी नव्हतीच ती

मित्रांनो, मी नखाएवढी, म्हातारी गोगलगाय. मानपाड्याला तळमजल्यावर राहणाऱ्या गोदूबाईंच्या खिडकीखाली पानवेलीचा वाफा आहे. तिथल्याच एका ओल्या विटेखाली मी जन्मले. वेल त्यांच्या माहेरची, कोकणातली. माहेरचं घर गेलं, वेल तेवढी राहिली. नात संचिताच्या लग्नात देवापुढचा विडा ह्याच पानांचा ठेवायचा, असा त्यांचा हट्ट होता. वेलीचा एक फाटा त्यांनी शेजारच्या सरोजताईंनाही हौसेने लावायला दिलेला.

मी पानं खाते, खोटं कशाला बोलू! पण खाल्लं की भोक पडतं, चालले की चकचकीत रेघ उमटते. माझी चोरी लपत नाही. त्या पावसाळ्यात वेलीच्या बुडाशी बुरशी आली. मेली महाकपटी! तिला ना तोंड, ना पाय. मी माझं घर पाठीवर घेऊन हिंडते, ती दुसऱ्याच्या अंगात घर करते. मी पानाची कड कुरतडते, ती बुडखाच कुजवते आणि वरची पानं तोवर हिरवीगार!

गोदूबाईंना दिसली ती भोकं. "मेल्यांनो, माझीच वेल मिळाली?" म्हणत त्यांनी मूठभर मीठ फेकलं. माझ्या बहिणी फेसाळून मेल्या. मी विटेखाली होते म्हणून वाचले. अजून आठवलं की मी शंखात शिरते.

तरी वेलीने माना टाकल्याच. तेव्हा कुठे गोदूबाई वाकल्या. बुडाशी पांढरे धागे आणि बारीक तपकिरी दाणे होते. दाणे बुरशीचेच, त्यांतून ती पुन्हा उगवते. गोदूबाईंना मात्र ती दृष्ट काढून टाकलेली मोहरी वाटली.

"सरोज, उतरवलेली मोहरी माझ्या वेलीत टाकलीस?"

"काहीतरीच काय काकू! बुरशी असेल ती."

"मला शिकवू नकोस! माझ्या नातीचं लग्न बघवत नाही तुला!"

सरोजताईंचे डोळे भरले. त्या घरात गेल्या, कुंडीतला फाटा मुळासकट उपटला आणि गोदूबाईंच्या पायाशी आणून टाकला. "घ्या तुमची वेल!"

काय टवटवीत होता हो तो! गोदूबाईंनी मेलेली वेल उपटली आणि फाटा तिच्याच जागी, त्याच मातीत लावला. मी तिथेच होते. मला आवाज नाही.

लग्नात बाजारची पानं आली. सरोजताई आल्या नाहीत.

मित्रांनो, झाड सुकलं तर आधी वाकून त्याचं बूड बघा. माणसाला बोल लावायची घाई करू नका. वाफा आता रिकामा आहे. दाणे अजून तिथेच आहेत.