शंखाला फुटलेला दात

"तोंड उघड रे गोपाळा! नीलकंठ आत यायचाय!"

नीलानंदबाबांनी असं म्हटलं की खुर्चीतलं पोर आ वासायचं आणि त्याच्यामागे अख्खा मंडप आ वासायचा. बंगालमधल्या आमच्या कालना गावच्या क्लबाच्या त्या मंडपात एरवी कॅरम चालतो. चैत्र सरता सरता तिथे सलूनची फिरती खुर्ची आली, तिच्यावर वाघाच्या कातड्याच्या छापाची चादर आली, आणि चादरीमागोमाग बाबा आले. पोरांचे किडके दुधाचे दात ते बघता बघता पांढरे करत. काळ्या दातावर 'कैलासाचं लोणी' थापायचं, डोळ्यांवर भगवा चष्मा चढवायचा आणि चांदीचा त्रिशूळ तोंडाशी धरायचा. त्रिशुळाच्या मधल्या टोकातून निळाशार उजेड पडे. त्याच क्षणी बायका जीभ हलवून शुभकार्यातली उलू-उलू करत, शंख वाजत, आणि गलका ओसरेपर्यंत लोण्याचा दगड झालेला, दात मोत्यासारखा!

चष्मा भगवा का? तर बाबांचं तेज बाबांनाच सोसवत नाही म्हणे. आमच्या गल्लीतले दोन-दोन पदव्यांचे लोक हेही न चावता गिळत होते.

"डॉक्टर कोवळ्या दातात सुया खुपसतात!" बाबा गरजायचे. "महादेवानं विष कुठं ठेवलं? कंठात. म्हणून कंठ निळा. तोच निळा उजेड किडीचं विष ओढतो. दात कोरू नका, भक्ती कोरा!"

भक्ती कशी कोरतात ते कुणालाच कळलं नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

आणि तो मोती निखळला तर? चौकात भाजी विकणाऱ्या झर्नाच्या मुलाचा निखळला. पांढरा तुकडा कागदाच्या पुडीत घेऊन ती बाबांपुढे उभी राहिली. मुलाचा गाल पेरूएवढा सुजलेला.

"मुलाच्या नावानं उपास धरला होतास, त्या दिवशी काय खाल्लंस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. पाणीसुद्धा नाही."

"खोटं! मूठभर कुरमुऱ्यांची मुडी खाल्लीस. मला इथून दिसते, तुझ्या दातांत अडकलीय."

मंडप खो खो हसला. झर्नानं भर गर्दीत कान धरले. लोणी बाबांचं, त्रिशूळ बाबांचा, पाप मात्र आईचं. असा पक्का बंदोबस्त मी सरकारी कचेरीतही पाहिला नाही.

मला हसू येईना, कारण पुढचा नंबर आमच्या घरातून लागायचा होता.

मी बुला. सहा वर्षांच्या टुनीची पिशी, म्हणजे तिच्या बापाची थोरली बहीण. हिवाळ्यात टुनीची डावी दाढ ठणकली, तेव्हा स्टेशनजवळच्या डॉक्टर सरखेलबाईंनी तिचं रूट कॅनाल केलं. सडलेली नस काढली, आत औषध भरलं, वर पांढरं सिमेंट बसवलं. माझी आई, म्हणजे टुनीची ठाकुमा, तेव्हापासून फुणफुणत होती. "दुधाचा दात! पडला की उंदराच्या बिळात टाकायचा. उंदरासाठी कुणी एवढी कारागिरी करतं का गं?"

आता उजव्या दाढेखाली पुवाची पुळी आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उशीर नको. पण ठाकुमा अडून बसली, भाऊ कामाला सुरतेला, आणि माझी भावजय, टुनीची आई शर्वरी, डॉक्टर आणि ठाकुमा या दोघींच्या मध्ये चेपलेली.

"बुलादी, समजा बाबांनीच बरं झालं तर?" ती म्हणाली. "सुई नाही, रडणं नाही."

"आणि गाल सुजला तर? मुडी तू खाल्लेली असशील."

तरी चैत्रअखेरच्या नीलाच्या, म्हणजे महादेवाच्या पूजेच्या दिवशी, जेव्हा आमच्याकडच्या सगळ्या आया मुलांसाठी कडक उपास धरतात, शर्वरीनंही धरला आणि टुनीचं बोट धरून, ठाकुमाला घेऊन मंडपाची वाट धरली. मी मागोमाग निघाले. क्लबाच्या पोरांनी मला तसंही बोलावलं होतं. शंख एका दमात माझ्याइतका लांब कालन्यात कुणी फुंकत नाही. गुण म्हणून सांगण्यासारखा माझ्याकडे तेवढाच एक आहे.

बाबांचा चेला मला माशी, म्हणजे मावशी, म्हणत कानाशी लागला. "माशी, बाबांचा हात वर गेला की फुंकायचं. खाली येईपर्यंत थांबायचं नाही. मध्ये खंड पडला तर अनर्थ होतो."

"कसला अनर्थ?"

"ते बाबांना ठाऊक."

टुनी खुर्चीत बसली. तिनं माझ्या हातातला शंख पाहिला आणि तोंड पाडलं.

"पिशी, तू फुंकलंस तर मला शिट्टी कशी ऐकू येणार?"

"कसली गं शिट्टी?"

"दिव्याची. डॉक्टरमाशीचा दिवा शेवटी पीप करतो. पीप झालं की तोंड मिटायचं. असा चष्मापण तिच्याकडे आहे. मला लावायला दिला होता तिनं."

पुढच्या रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. बाबाही हसले, पण त्यांच्या चेल्याला हसायला जमलं नाही.

"वेडी पोर! हा महादेवाचा तिसरा डोळा."

"मग त्याला बटण का आहे?"

"तोंड उघड!" बाबा खेकसले, गोपाळ-बिपाळ विसरून. त्यांनी बोटभर लोणी त्या ठणकत्या दाढेवर दाबलं. टुनी कळवळली. शर्वरी अर्धी उठली. त्रिशूळ तोंडाशी गेला, निळा उजेड पडला, बाबांचा डावा हात वर गेला.

मी शंख ओठांना लावला. आणि तसाच खाली मांडीवर ठेवला.

माझा शंख नाही म्हटल्यावर उलू-उलू करणाऱ्या बायका अडखळल्या. एक थांबली, मग दुसरी. चेला हातवारे करून करून घामाघूम झाला. मंडपात अशी शांतता पसरली की कॅरमच्या सोंगट्यासुद्धा ऐकत असाव्यात.

पीप! पीप!

"झालं!" म्हणत टुनीनं तोंड मिटलं.

शर्वरीनं पुढे होऊन तिला खुर्चीतून उचललं. मी त्रिशूळ उचलला. बाबा "अपवित्र होईल!" म्हणून ओरडले, तोवर वरचा चंदेरी कागद माझ्या हातात आला होता. आत दातांच्या डॉक्टरकडे असतो तो साधा दिवा निघाला.

"मा, इकडे ये," मी ठाकुमाला हाक मारली. "हे बटण दाब."

"मी? मी तर सकाळपासून दोनदा पान खाल्लंय!"

"म्हणूनच तू."

शंखाच्या पाठीवर मी बाबांच्या डबीतलं लोणी चिकटवलं, ठाकुमानं भीत भीत बटण दाबलं. निळा उजेड, पीप, आणि शंखाला कडक पांढरा दात! ठाकुमानं नखानं टकटक वाजवून पाहिलं.

"आई गं! मी सिद्ध झाले की काय!"

लोक हसले, पण शंख हातोहात मागे जाऊ लागला. तो मागे उभ्या असलेल्या झर्नाकडे पोचला. तिनं अंगठा लावून जरासा रेटा दिला. टप्प. दात निखळून तिच्या तळहातावर पडला. हुबेहूब तिच्या पुडीतल्या तुकड्यासारखा.

तिनं तो बाबांपुढे धरला.

"बाबा, या शंखाच्या आईनं उपासाला काय खाल्लं होतं?"

चादर, चष्मा, खुर्ची सगळं तिथंच टाकून गुरुशिष्य विजेवरच्या टोटो रिक्षात बसले. शापही घाईघाईत दिला, तो निम्मा ऐकूच आला नाही.

डॉक्टर सरखेलबाईंनी त्याच संध्याकाळी टुनीच्या दाढेवरचं लोणी काढलं आणि झर्नाच्या मुलालाही तपासलं. त्या म्हणाल्या, "ते लोणी म्हणजे आमचंच सिमेंट. निळ्या उजेडात ते कडक होतं, मग बटण साधू दाबो की चोर. पण ते सगळ्यात शेवटचं काम. आधी सडलेलं काढायचं, पू जाऊ द्यायचा, मुळांत औषध भरायचं. मग दात स्वच्छ कोरडा करून त्यावर चिकटवणारं द्रव्य लावायचं, तेव्हा कुठे सिमेंट दाताला धरतं. बाबा गटार तुंबलेलं ठेवून वरून गिलावा करत होता. गिलावा निखळला तर नशीब म्हणायचं, टिकला तर पू आतच कोंडतो."

"पण पडणारच ना हा दात?" ठाकुमानं शेवटचा बाण सोडला.

"पडेल, दहा-अकराव्या वर्षी. तोवर खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा तो राखतो. आधीच गेला तर शेजारचे दात सरकून ती जागा बळकावतात."

भाडेकरूंनी जागा बळकावलेल्या घरात उभा जन्म काढलेल्या ठाकुमाला हे लगेच पटलं.

टुनीची उजवी दाढ आता डावीसारखीच पांढरी आहे. झर्नाच्या मुलाचा गाल उतरला. आणि दात निखळला तो झर्नाच्या पापानं नव्हे, हे आता तिलाही ठाऊक आहे. माझं सांगणं एवढंच. पोराचं दुखणं डॉक्टरला दाखवा, आणि त्याच्या दुखण्याचं पाप आईच्या पदरात टाकणाऱ्याला दारात उभं करू नका. कुणी चमत्कार दाखवू लागला तर हात जोडायच्या आधी शंख जरा खाली ठेवा, उलू-उलू थांबवा आणि कान द्या. खऱ्या औषधाला गलका लागत नाही.

तोच शंख मी अजून रोज संध्याकाळी फुंकते. परवा टुनीनं मध्येच हात वर केला. मी थांबले.

"काय गं?"

"काही नाही. पीप होतंय का, बघत होते."